रिबिल्ड इंजिनचं पहिलं ऑइल बदलताना काय काय झालं

जुनी गाडी, इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधलेलं, रनिंग-इन (नवीन भाग एकमेकांवर बसेपर्यंतचं सुरुवातीचं चालवणं) होत आलंय आणि आता ऑइल बदलायचंय, अशा टप्प्यावर जे कोणी आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी त्या टप्प्यावर होते तेव्हा मला जे सापडत होतं ते एकतर "ऑइल काढा, नवीन टाका, झालं" एवढंच असायचं, नाहीतर चमकणाऱ्या ऑइलचे फोटो आणि खाली "इंजिन गेलं" असं. मधलं कोणी सांगत नव्हतं, म्हणजे काय दिसलं तर ठीक, काय दिसलं तर थांबायचं, वगैरे. माझ्या मते हे पहिलं ऑइल बदलणं म्हणजे आत काय चाललंय ते बघायची पहिली संधी असते, आणि ती घाईत घालवू नये.

गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) ब्लॉकमध्ये आणि तिथून वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत पुशरॉड, म्हणजे ढकलणाऱ्या दांड्या. काम काय काय झालं होतं तर बोअर मारून होनिंग (सिलिंडरच्या भिंतीवर बारीक खडबडीत रेषा पाडणं), नवीन पिस्टन आणि रिंगा, क्रँक घासून १० थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) अंडरसाइज बेअरिंग, नवीन कॅमशाफ्ट, नवीन फॉलोअर (कॅम आणि पुशरॉडच्या मधला भाग), रॉकर आणि स्मॉल एंडला (कनेक्टिंग रॉडचं पिस्टनकडचं टोक) नवीन बुश, हेडला व्हॉल्व्ह सीटचं काम. हे सगळं मुद्दाम सांगतेय कारण पुढे फिल्टरमध्ये जे सापडलं त्याचा अर्थ लावताना आत नक्की काय नवीन टाकलंय हे माहीत असणं फार उपयोगी पडलं. तुमच्याकडे बिल नीट तपशीलवार नसेल तर आत्ताच मागून घ्या, बेअरिंग कुठल्या प्रकारच्या आहेत, बुश कशाचे आहेत, सगळं.

ऑक्टोबरच्या शेवटी इंजिन गाडीत बसलं. मशीन शॉपवाल्या काकांनी बिलाबरोबर एक वॉरंटीचं कार्ड दिलं होतं. त्यावर अटी अशा, की पहिल्या रनिंगनंतर लगेच ऑइल आणि फिल्टर बदलायचा, मग ८०० किलोमीटरला परत, तेव्हाच हेडचे नट पुन्हा टॉर्क करायचे आणि टॅपेट सेट करायचे (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप जुळवायचा), ऑइल आणि फिल्टरची बिलं जपून ठेवायची, प्रत्येक वेळी मीटरच्या रीडिंगचा फोटो, आणि स्वतः काम करणार असाल तर काढलेला फिल्टर त्यांना दाखवल्याशिवाय टाकून द्यायचा नाही. ही शेवटची अट मला तेव्हा फार किचकट वाटली होती. पण ती सगळ्यात कामाची निघाली. त्या दिवसापासून एक फाइल केली आणि सगळे कागद त्यात, हे जरूर करा, कारण तीन महिन्यांनी कुठलं बिल कुठे गेलं ते आठवत नाही.

पहिला अडथळा ऑइलचाच आला. या जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टचा लोब थेट फॉलोअरच्या सपाट तोंडावर घासत फिरतो, मध्ये रोलर नाही. खरं तर ते तोंड पूर्ण सपाट नसतं, अगदी किंचित फुगीर असतं आणि लोबला किंचित उतार असतो, म्हणजे फॉलोअर स्वतःभोवती फिरत राहतो आणि एकाच जागी झिजत नाही. पण त्या एवढ्याशा जागेवर दाब प्रचंड असतो आणि तिथे ऑइलची फिल्म टिकत नाही, म्हणून ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी नावाचं अॅडिटिव्ह लागतं, ते धातूवर एक पातळ संरक्षक थर तयार करतं. नवीन गाड्यांत हा फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो म्हणून त्याचं प्रमाण हळूहळू कमी करत आणलं गेलं, २००४ साली आलेल्या एपीआय (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएम दर्जामध्ये पातळ ऑइलसाठी ही मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएमवर (दहा लाखांत ८०० भाग) आली. आता गंमत अशी की ही मर्यादा जाडीच्या ३० च्या आणि त्याहून पातळ ग्रेडना लागते, २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ऑइलला लागत नाही, पण म्हणून प्रत्येक २०डब्ल्यू-५० मध्ये झिंक भरपूर असेलच असंही नाही. त्यामुळे डब्यावरची जाहिरात न वाचता कंपनीची डेटा शीट वाचायची. मी १००० ते १४०० पीपीएमच्या मधलं बघत होते. वरून वेगळी झिंकची बाटली ओतायचा सल्लाही खूप जण देतात, पण काकांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं, प्रमाण फार वाढलं तर ते उलट धातूला त्रास देतं आणि बाकीच्या अॅडिटिव्हशी त्याचं कसं जमेल ते आपल्याला कळत नाही. तयार ब्रेक-इन ऑइलच (रनिंग-इनसाठीचं खास ऑइल) घ्या म्हणाले.

ते ऑइल यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. इंजिन तयार, गाडीत बसलेलं, आणि आपण नुसतं बघत बसायचं. या काळात एकच काळजी घ्यायची, इंजिन उगाच हाताने फिरवत बसायचं नाही. कॅमच्या लोबवर लावलेली काळी असेंब्ली पेस्ट प्रत्येक फेरीला थोडी पुसली जाते आणि पहिल्या स्टार्टला तीच काय ती कॅमला वाचवणार असते.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला स्टार्ट. आमच्या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरून चालतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीन लावून पंप फिरवता आला, गेजवर ऑइलचं प्रेशर आलं आणि रॉकरपाशी ऑइल ठिबकताना दिसलं तेव्हाच थांबलो. मग डिस्ट्रिब्युटर परत बसवून टायमिंग जुळवलं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे ना पाहिलं, रेडिएटर भरला, आणि दादाला पाण्याच्या टेम्परेचरवर आणि प्रेशर गेजवर नजर ठेवायला बसवलं. स्टार्ट झाल्या झाल्या आयडलला सोडायचं नाही, थेट २००० आरपीएमच्या वर न्यायचं आणि २० ते ३० मिनिटं १८०० ते २५०० च्या मध्ये वरखाली करत ठेवायचं. कारण कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँक फिरताना जे उडतं त्यातून, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. नवीन इंजिन सुरू झाल्याबरोबर एवढं रेस करून ठेवायला मनाला फार जड जातं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं ऑइल-ग्रीस जळून धूर येतो, तोही घाबरवतो. तो थोड्या वेळाने थांबतो. मध्येच पाणी तापलं किंवा कुठे गळती दिसली तर सरळ बंद करायचं, दुरुस्त करायचं आणि उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करायची, सलगच पाहिजे असा काही नियम नाही.

त्याच संध्याकाळी, इंजिन हाताला सोसेल इतकं झाल्यावर, पहिलं ऑइल काढलं. काळपट राखाडी, आणि उन्हात धरलं तर चमक. ही चमक मेटॅलिक रंगात असते ना तशी, एकसारखी, कण वेगळे न दिसणारी. अर्धी त्या असेंब्ली पेस्टमधल्या मॉलीची (मॉलिब्डेनमची वंगण पावडर) आणि अर्धी होनिंगच्या खडबडीत रेषांची टोकं घासून निघालेल्या लोखंडाची. अर्ध्या तासाच्या ऑइलकडून याहून वेगळी अपेक्षा नसतेच, म्हणून त्याच्याकडे फार बघत बसू नका. ते बाहेर काढायचं, फिल्टर बदलायचा, पुन्हा तेच ब्रेक-इन ऑइल भरायचं. इतक्या कमी चाललेलं ऑइल टाकून देताना जिवावर येतं, पण रिबिल्डच्या बिलासमोर एका ऑइल-फिल्टरचा खर्च अगदी किरकोळ आहे आणि तो सगळा धातू बेअरिंगमधून फिरवत ठेवण्यात काही अर्थ नाही.

मग ८०० किलोमीटर. डिसेंबर आणि जानेवारी यातच गेले. कॅमचं काम पहिल्या अर्ध्या तासात बऱ्यापैकी होतं पण रिंगांचं नाही. रिंगा सिलिंडरवर दाबल्या जातात त्या सिलिंडरमधल्या गॅसच्या दाबाने, तो रिंगेच्या मागे जाऊन तिला बाहेर ढकलतो, म्हणून इंजिनवर लोड आल्याशिवाय रिंगा बसत नाहीत. अगदी जपून, हळूहळू, कायम कमी थ्रॉटलवर चालवली तर सिलिंडरची भिंत गुळगुळीत काचेसारखी होते, ग्लेझ होते, आणि मग ती गाडी कायमची ऑइल खाते. मी जे केलं ते असं: मोकळा रस्ता, टॉप किंवा तिसरा गिअर, साधारण ५० वरून ८० पर्यंत दमदार अॅक्सिलरेटर, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच परत ५० पर्यंत येऊ द्यायची. पाय काढल्यावर जो व्हॅक्यूम होतो तो थोडं ऑइल वर ओढतो आणि घासलेला बारीक धातू रिंगांपासून धुऊन निघतो. एकाच स्पीडला लांबवर जायचं नाही, इंजिन ओढत नसताना उंच गिअरमध्ये रेटायचं नाही, आणि आयडलला उभी ठेवायची नाही.

या सगळ्या काळात वहीत चार गोष्टी लिहीत होते: किलोमीटर, डिपस्टिकची पातळी, गरम इंजिनचं आयडलचं आणि ३००० आरपीएमचं ऑइल प्रेशर, आणि किती ऑइल वरून टाकलं. साधारण हिशोब असा सांगतात की गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय तरी हवं, आमचं त्याच्या वरच होतं. सुरुवातीला ऑइल बऱ्यापैकी कमी व्हायचं, सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धूर दिसायचा. ५०० च्या पुढे कधीतरी ते कमी झालं, आणि हे मला वही चाळताना कळलं, गाडी चालवताना नाही. वही ठेवायचा कंटाळा करू नका एवढंच सांगेन.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ८०० झाले आणि खरं काम आलं. त्याच्या आदल्या आठवड्यात सामान जमवलं. ऑइल, फिल्टर, ड्रेन प्लगचा नवीन तांब्याचा वॉशर, रॉकर कव्हरचा गॅसकेट, नायट्राइलचे हातमोजे, फिल्टर कापायचा कटर, ऑइल टेस्टिंग लॅबच्या दोन बाटल्या. कटर हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा, फिल्टर हॅक्सॉने कापायचा नाही, करवतीचा भुगा आत पडतो आणि मग तुम्ही करवतीचंच लोखंड बघून घाबरता. हातमोजेही सोडू नका, वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला वारंवार लागणं कॅन्सरच्या दृष्टीने चांगलं नाही. पहिल्या वेळी ते आम्ही घातले होते आणि तरी मनगटापर्यंत ऑइल आलंच, त्यामुळे लांब बाह्यांचे घ्या.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणली. ऑइल गरम असलं की कचरा तरंगत असतो आणि ऑइलबरोबर बाहेर येतो, थंड झाल्यावर तो चेंबरच्या (इंजिनखालची ऑइलची टाकी) तळाला बसतो. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ओट, पुढून जॅकने उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, कितीही छोटं काम असलं तरी. ऑइल भरायचं झाकण आणि डिपस्टिक आधी काढून ठेवली म्हणजे ऑइल गळगळ न करता एकसारखं पडतं. ड्रेन प्लग शेवटच्या आट्याला हाताने आत दाबून धरत सोडवायचा आणि झटक्यात बाजूला घ्यायचा. धार सुरू झाल्यावर पहिलं थोडं जाऊ दिलं, मग मधल्या धारेला लॅबची बाटली धरली, कारण सुरुवातीला तळाचा गाळ येतो आणि शेवटी कडेचं काय काय. बाटलीवर लगेच लेबल. दुसऱ्या बाटलीत डब्यातलं नवीन, न वापरलेलं तेच ऑइल भरलं. याने रिपोर्ट वाचताना फार सोपं पडतं, कारण नवीन ऑइलमध्येही झिंक असतं, थोडं सिलिकॉनही असतं, आणि मूळ आकडा माहीत नसला तर किती वाढलंय ते कळणार कसं.

ऑइलचा वास घेतला, पेट्रोलचा अगदी हलका वास होता. चोक वापरून थंडीत सुरू केलेल्या इंजिनात तेवढा येतो. जोरात येत असता तर फ्लोट लेव्हल नाहीतर फ्युएल पंपाचा डायफ्राम बघावा लागला असता, कारण पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही. पांढरट, दुधासारखं काही नव्हतं, म्हणजे पाणी नाही.

ड्रेन प्लगला मॅग्नेट आहे. त्यावर काळी बारीक लव जमली होती, बोटांत चोळली तर कुठेही टोचत नव्हती. ती चालते. टोचणारे तुकडे, पापुद्रे, चकत्या आल्या तर चालत नाही. इथवर मी निवांत होते.

मग फिल्टर. कापला, कागद बाहेर काढला, घड्या सोडवून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरला, जास्तीचं ऑइल दाबून काढलं आणि उन्हात धरला. एका घडीतून दुसऱ्या घडीत नजर फिरवत गेलो. थोडं काळं, पुसायच्या कापडाचे धागे, सीलंटचे दोन-चार रबरी कण, बारीक चमक. आणि मध्येच तांब्याच्या रंगाचे कण. मोजके होते, पण होते. त्यावरून मॅग्नेट फिरवला तर हलेनात.

ज्यांनी बेअरिंगबद्दल थोडंही वाचलंय त्यांना कळेल की पोटात गोळा का आला. आमच्या बेअरिंग तीन थरांच्या आहेत, मागे स्टील, मग तांबं-शिसं, आणि वर शिशाचा मऊ पातळ थर. तांबं दिसतंय म्हणजे वरचा थर संपून खालचा उघडा पडला, असा सरळ अर्थ निघतो. त्या क्षणी मला इंजिन पुन्हा उतरवलेलं दिसायला लागलं. दादा म्हणाला आधी काकांना फोन कर, मग काय ते ठरव.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रेशर किती होतं काल?" वही होतीच, सांगितलं. मग "खालून ठोक्याचा आवाज?" नाही. मग म्हणाले, "अहो, बेअरिंग तांब्यापर्यंत गेली असती तर आधी शिसं गेलं असतं आणि प्रेशर पडलं असतं. मी नवीन बुश टाकलेत रॉकरला, ते ब्राँझचे आहेत. फोटो पाठवा, ऑइल लॅबला पाठवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत गाडी सुरू करू नका." हे ऐकून जिवात जीव आला असं म्हणणार नाही, पण विचार करायला एक दिशा मिळाली.

लॅबचा फॉर्म जरा वेळखाऊ होता. इंजिनचा प्रकार, इंजिनचे एकूण किलोमीटर आणि या ऑइलचे किलोमीटर वेगवेगळे, ऑइलचं नाव आणि ग्रेड, मधे किती टॉप-अप केलं, फिल्टर कधी बदलला, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात मी "पूर्ण रिबिल्ड, नवीन ब्राँझ बुश, रनिंग-इनचं ऑइल" असं लिहिलं. हे लिहिलं नसतं तर लॅबने जुन्या चालत्या इंजिनच्या मापाने बघून लाल शेरे मारले असते, तसं त्यांनी नंतर फोनवर सांगितलंही. खर्चाचं म्हणाल तर ऑइल आणि फिल्टरच्या मानाने काही फार नव्हता. रिपोर्टला साधारण दोन आठवडे लागतील असं सांगितलं आणि तेवढे लागले.

तोवर गाडी स्टँडवरच, ऑइलविना, स्टीअरिंगला "ऑइल नाही, स्टार्ट करू नका" असा मोठा कागद बांधून. घरात दुसरं कोणी गाडी हलवायला गेलं तर काय, म्हणून किल्लीही काढून फाइलमध्ये ठेवली.

या थांबलेल्या दिवसांत हेड आणि टॅपेटचं काम केलं, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. आधी काहीही न हलवता, थंड इंजिनवर, आठही व्हॉल्व्हचा गॅप फिलर गेजने मोजून लिहिला. चार सिलिंडर आठ व्हॉल्व्हच्या बऱ्याच इंजिनांत नऊची बेरीज चालते, म्हणजे ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा १ नंबरचा मोजायचा, ७ उघडा तेव्हा २, असं, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. इंजिन फिरवताना स्पार्क प्लग काढून ठेवले म्हणजे हाताला जड जात नाही, आणि ऑइल नसताना सावकाश, लागेल तेवढंच फिरवायचं.

हे आकडे का लिहायचे तर कॅमचा लोब किंवा फॉलोअर झिजायला लागला तर त्याचा गॅप वाढतो. इंजिन बांधताना काकांनी सेट केलेला आकडा माझ्याकडे होता. एखादाच व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा खूप सैल निघाला असता तर तो लोब जातोय हे तिथेच कळलं असतं, फिल्टरमधल्या लोखंडाचं मूळही सापडलं असतं. आमच्याकडे एकही सैल झाला नव्हता. एका एक्झॉस्टचा उलट किंचित कमी झाला होता, म्हणजे व्हॉल्व्ह त्याच्या नवीन सीटवर जरा खाली बसला, हे होतं. गॅप कमी होणं मात्र कानाला कळत नाही. सैल टॅपेट टकटक करतो, घट्ट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो, म्हणून आवाज नाही तर काम नाही असं धरू नका.

मग हेडचे नट. आमच्या मॅन्युअलमध्ये थंड इंजिनवर सांगितलंय, ठरलेल्या क्रमाने, एक-एक नट थोडा सैल करून मग पूर्ण टॉर्कला. सैल न करता नुसता पाना लावला तर अडकलेला नट "टॉर्क झाला" असं खोटंच सांगतो. सगळे एकदम सैल मात्र करायचे नाहीत. काही नवीन प्रकारच्या गॅसकेटला हे री-टॉर्क लागतच नाही, तेव्हा गॅसकेटच्या पाकिटावर काय लिहिलंय तेही बघा. टॉर्क केल्यावर परत गॅप मोजले तर बहुतेक सगळे अगदी थोडे कमी झाले होते, कारण गॅसकेट दबला, हेड किंचित खाली आलं, आणि पुशरॉडची लांबी तर तेवढीच. म्हणूनच आधी टॉर्क आणि मग टॅपेट सेट, या क्रमानेच करायचं.

रिपोर्ट आला. लोखंड जास्त, रिंगा आणि सिलिंडर नवीन असल्यामुळे ते धरूनच चाललो होतो. सिलिकॉन जास्त, पण आम्ही सीलंट वापरलंय आणि अॅल्युमिनियम फारसं वाढलेलं नव्हतं, बाहेरची धूळ आत जात असती तर सिलिकॉनबरोबर अॅल्युमिनियमही वाढतं, धुळीत दोन्ही असतात. तरी एअर फिल्टरची बैठक आणि पाइप पुन्हा तपासले. तांबं वाढलेलं आणि त्याच्याबरोबर टिन. शिसं कमी. तांबं आणि टिन बरोबर, शिसं नाही, म्हणजे ब्राँझ. काकांना रिपोर्ट आणि कापलेला फिल्टर दोन्ही नेऊन दाखवलं, त्यांनी फिल्टरचा कागद भिंगाखाली बघितला, रॉकर शाफ्ट सोडवून बुशही बघितले, त्यांच्या कडा नव्या शाफ्टवर जमून येताना घासल्या होत्या तेवढ्याच. कार्डावर सही-शिक्का मारला आणि म्हणाले भरा ऑइल.

भरताना घ्यायची काळजी थोडक्यात. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या तर प्रेशर आल्यावर मिनिटात सगळं ऑइल बाहेर. ज्यांच्याकडे डबा आणि आत एलिमेंट असा जुना प्रकार आहे त्यांची रिंग खाचेत बसलेली असते, ती टोकदार हुकाने काढावी लागते. नवीन रिंगेला ऑइल लावायचं, फिल्टर हाताने घट्ट, पान्याने नाही. उभा बसणारा फिल्टर असेल तर तो ऑइलने भरून लावा. ड्रेन प्लगला नवीन वॉशर आणि मॅन्युअलमधला टॉर्क, चेंबरचे आटे गेले तर ते फार महागात पडतं. ऑइल थोडं कमी भरायचं, मग कॉइलची वायर काढून, स्पार्क बंद ठेवून, थोडं थोडं क्रँक करत गेजवर प्रेशर येईपर्यंत थांबायचं, आणि मगच स्टार्ट. दोन मिनिटं चालवून बंद, खाली वाकून गळती बघायची, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, आणि उरलेलं भरायचं.

सिंथेटिक टाकायचं का हे सगळे विचारतात. आजकालच्या कित्येक गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक घेऊन निघतात त्यामुळे त्याने रिंगा बसतच नाहीत असं सरसकट म्हणता येणार नाही. आमच्या कार्डावर ५००० किलोमीटरपर्यंत मिनरल लिहिलंय म्हणून मी झिंकवालं मिनरल २०डब्ल्यू-५० भरलं. ज्याने इंजिन बांधलं त्याच्याशी या विषयावर वाद घालू नये असं माझं मत, वॉरंटी त्याची आहे.

काढलेलं ऑइल नवीन ऑइलच्याच रिकाम्या डब्यांत भरलं, त्यात पेट्रोल, कूलंट, साफसफाईचं केरोसीन काहीही मिसळू दिलं नाही कारण मग ते रीसायकलिंगला घेत नाहीत, आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रावर नेऊन दिलं. पावती मागितली तर मिळते, ती फाइलमध्ये. मातीत किंवा गटारात एक थेंबही ओतू नका.

पुढचं ऑइल मेमध्ये बदललं, अजून अडीच हजारच्या आसपास चालल्यावर. फिल्टर पुन्हा कापला. थोडा काळा कार्बन, एक-दोन धागे, तांब्याचा एकही कण नाही. लॅबच्या रिपोर्टमध्ये लोखंड, सिलिकॉन आणि तांबं तिन्ही खूप खाली आलेत. दोन बदलांच्या मध्ये डिपस्टिक जवळजवळ जागची हलली नाही, टॅपेटचे गॅप फेब्रुवारीत सेट केले तेवढेच निघाले. दोन्ही फिल्टरचे कागद ऑइल निथळून, तारीख आणि किलोमीटर लिहून, वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवलेत, कार्डाची मुदत संपेपर्यंत ते तसेच राहतील. कोणाला वहीतले रकाने किंवा लॅबचा फॉर्म कसा भरला ते हवं असेल तर विचारा, फोटो काढून देते.